निर्णय कच्चा असतानाच दोघं हवेत

धंद्यात स्त्री आणि पुरुष दोघांचा दृष्टिकोन हवा, हे हल्ली सगळेच म्हणतात, आणि त्याच्या पुढचं वाक्य पण ठरलेलं असतं की बायका समजून घेतात, पुरुष धडाडीने पुढे जातात, दोघं एकत्र आले की तोल सांभाळला जातो. मला हे वाक्य पटत नाही आणि इतकी वर्षं धंद्यात काढल्यावर तर अजिबातच पटत नाही, कारण मी अशा कितीतरी बायका बघितल्यात ज्या मोठी ऑर्डर दिसली की कर्ज काढायला एका पायावर तयार होतात, आणि असे पुरुष पण बघितलेत जे एक साधं मशीन घ्यायचं तर वर्षभर नुसती कोटेशनं मागवत बसतात. स्वभाव माणसागणिक वेगळा असतो, बाई-पुरुष असा वाटून दिलेला नसतो.

तरीही दोघं हवेतच असं माझं ठाम मत आहे, फक्त कारण वेगळं आहे. ज्याचं रोजचं जगणं वेगळं त्याला खुपणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात आणि धंद्यात पैसा मिळतो किंवा बुडतो तो बऱ्याचदा अशा खुपणाऱ्या बारीक गोष्टींवरच. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघं टेबलावर हवेत ते निर्णय कच्चा असताना. सगळं ठरलं, साचे बनले, पैसे अडकले आणि मग कोणीतरी विचारलं की मॅडम तुम्हाला काय वाटतं, तर त्या विचारण्याला फार काही अर्थ उरत नाही.

गाड्यांचं उदाहरण घ्या, कारण याच्याइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. गाडी सुरक्षित आहे का हे बघायला टक्कर घडवून आणतात आणि आत माणसाच्या जागी सेन्सर लावलेला डमी बसवतात. त्यातला जगभर सगळ्यात जास्त वापरला गेलेला डमी म्हणजे 'हायब्रिड थ्री', जनरल मोटर्सने १९७६ मध्ये तयार केलेला, उंची साधारण १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलोच्या आसपास, म्हणजे सरासरी अमेरिकन पुरुष. पुढे बाईचा म्हणून जो डमी आला तो याच पुरुषाला लहान करून बनवलेला, जेमतेम १५० सेंटिमीटर उंच आणि ४९ किलोचा. म्हणजे मधल्या उंचीची, मधल्या वजनाची जी बहुसंख्य बाई आहे ती या सगळ्यात कुठेच नव्हती. बाईची मान, खांदे, कंबर, स्टिअरिंगपासून ती किती अंतरावर बसते, हे सगळं वेगळं असतं आणि ते पुरुषाचं माप कमी करून मिळत नाही. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या अपघातांची आकडेवारी तपासली तेव्हा असं दिसलं की सारख्याच प्रकारच्या टक्करीत, सीटबेल्ट लावलेला असताना, गंभीर जखमी होण्याची शक्यता बाई ड्रायव्हरच्या बाबतीत ४७ टक्के जास्त होती. सत्तेचाळीस! सरासरी बाईच्या मापाचा डमी जगासमोर आला तो २०२२ मध्ये, स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या टीमने केलेला, १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलो, तो पण मागून हळू वेगात धडक बसली तर मानेला काय होतं हे तपासण्यासाठी.

आता यात ते इंजिनिअर वाईट होते असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्यांच्यापैकी कोणाला बायकांचा राग होता असं नाही. पण ज्या खोलीत माप ठरत होतं त्या खोलीतला जवळजवळ प्रत्येक जण त्या सीटमध्ये नीट बसत होता, त्यामुळे हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही. माणूस हुशार असला तरी आपल्याला जे कधी टोचलंच नाही त्याच्याबद्दल तो प्रश्न विचारत नाही, हे मला यात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. आणि अजून एक, की या चुकीचा त्रास फक्त बायकांना होत नाही, कमी उंचीचे किंवा किरकोळ अंगाचे पुरुष पण त्या १७५ सेंटिमीटरच्या बाहेरच पडतात ना.

औषधाच्या धंद्यात पण हेच. झोल्पिडेम नावाचं झोपेचं औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झालं, आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने सांगितलं की बायकांसाठी सुरुवातीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅम करा, कारण बायकांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवताना पण त्याचा अंमल राहू शकतो. मध्ये वीस वर्षं गेली होती. ॲपलचं हेल्थ ॲप २०१४ मध्ये आलं तेव्हा त्यात तुम्ही सोडियम किती खाल्लं, इनहेलर किती वेळा घेतला हे सगळं नोंदवता यायचं पण पाळीची तारीख नोंदवायची सोय नव्हती, ती पुढच्या वर्षी आली. ऑफिसातल्या एसीचं तर सगळ्यांनाच माहिती आहे, तापमानाचं जे गणित अजून वापरतात ते १९६० च्या दशकातलं, त्यात शरीरातल्या उष्णतेचा आकडा धरलाय चाळिशीतल्या ७० किलोच्या पुरुषाचा. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी हे मोजून दाखवलं की बायकांच्या शरीरात त्याहून बरीच कमी उष्णता तयार होते. म्हणजे शाल घेऊन बसणाऱ्या त्या सगळ्या जणी उगाच कुरकुर करत नव्हत्या.

पण ही गोष्ट एका बाजूनेच सांगितली तर ती अर्धी राहते, आणि मला वाटतं बायकांच्या बाजूने लिहिणाऱ्या आम्ही बऱ्याच जणी इथेच थांबतो. जिथे सगळा कारभार बायकाच बघणार असं धरलेलं असतं तिथे पुरुष गायब असतो. तान्ह्या बाळाचं सामान बघा. बाळाचे कपडे बदलायचा ओटा सार्वजनिक ठिकाणी वर्षानुवर्षं फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात असायचा, एकटा बाप बाळाला घेऊन बाहेर पडला तर त्याने काय करायचं हे कोणी विचारातच घेतलं नाही, आणि अमेरिकेत तर त्यासाठी २०१६ मध्ये कायदा करावा लागला की केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींमध्ये ही सोय पुरुषांच्या बाजूला पण हवी.

हे मी माझ्या स्वतःच्या कामात बघितलंय. आम्ही बॅगा बनवतो, मी आणि माझा मामेभाऊ, भागीदारीत. बाळाच्या सामानाच्या बॅगेचं डिझाइन चालू होतं आणि त्या वेळी डिझाइनवर, शिलाईवर सगळ्या आम्ही बायकाच होतो, बाटलीचा कप्पा कुठे, ओले कपडे कुठे, एका हाताने चेन उघडता येते का, सगळं अगदी बारकाईने बघितलेलं. सॅम्पल तयार झाल्यावर मामेभावाने ती खांद्याला लावून बघितली, तर पट्टा पूर्ण सोडूनही बॅग त्याच्या काखेतच येऊन बसली. म्हणाला, "ताई, हे घेऊन मी दोन मिनिटं पण चालू शकणार नाही, आणि बाळाला घेऊन बाहेर मी पण जातो ना." पट्टा लांब केला, ॲडजस्ट करायचं बकल मागून पुढे आणलं, आणि रंगात पण गुलाबी-पिवळ्याच्या जोडीला गडद रंग आले. त्यानंतर त्या बॅगेची चौकशी करणाऱ्यांत पुरुष दिसायला लागले, स्वतःसाठी घेणारे.

उलट बाजूने आमचं अस्तरावरून मोठं भांडण झालं होतं. बॅगेला आतून काळं अस्तर लावायची पद्धत आहे, मळ दिसत नाही म्हणून. माझं म्हणणं होतं की काळ्या अस्तरात काळी किल्ली, काळं पाकीट, काहीच सापडत नाही, संध्याकाळी जिन्यात उभं राहून बॅगेत हात घालून चाचपडत बसावं लागतं, आणि एकट्या बाईला असं अंधारात दारासमोर उभं राहायला बरं वाटत नाही. हे त्याला कधी सुचलं नसतं कारण त्याची किल्ली खिशात असते. (बायकांच्या कपड्यांना धड खिसे नसतात हा वेगळाच विषय आहे, त्याच्यावर मी कधीतरी मनापासून लिहिणार आहे.) त्याचं म्हणणं पण बरोबर होतं, फिक्कं अस्तर महिन्याभरात कळकट दिसणार आणि माल परत येणार. बरेच दिवस हा वाद चालला, आवाज पण चढले, आणि शेवटी फिक्कं राखाडी, पुसता येईल असं कोटिंगचं कापड घेतलं. मी एकटी असते तर पांढरट अस्तर लावलं असतं, तो एकटा असता तर काळं. राखाडी आम्हा दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात सुरुवातीला नव्हतं, ते वादातून निघालं, आणि दोन दृष्टिकोन एकत्र येण्याचा फायदा मला याच्यातच दिसतो, की जे दोघांपैकी एकाकडेही नव्हतं ते तयार होतं. नुसतं थोडं तुझं थोडं माझं केलं तर ते होत नाही.

मोठ्या धंद्यांतली दोन उदाहरणं मला फार आवडतात. एक मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचं. रूथ आणि एलियट हँडलर हे नवरा-बायको, १९४५ मध्ये एका तिसऱ्या भागीदाराबरोबर त्यांनी कंपनी काढली, आणि तिथे कामाची वाटणी काय होती तर डिझाइन, खेळणी घडवणं हे नवऱ्याकडे आणि विक्री, व्यवहार बायकोकडे. रूथने बघितलं की आपली मुलगी कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका करून खेळते, आणि बाजारात तर सगळ्या बाहुल्या बाळाच्या रूपातल्या, म्हणजे मुलीने खेळायचं तर आईच व्हायचं. मोठ्या बाईच्या रूपातली बाहुली काढू म्हटल्यावर नवरा आणि कंपनीतले पुरुष नको म्हणाले, कोणती आई आपल्या मुलीला हे घेऊन देईल असं त्यांना वाटत होतं. शेवटी १९५९ मध्ये बार्बी आली. त्या बाहुलीबद्दल, तिच्या आकाराबद्दल टीका झाली आणि ती बरीचशी योग्यच आहे, पण धंद्याच्या बाजूने बघितलं तर एक अख्खा बाजार डोळ्यांसमोर होता आणि तो घरात मुलीचा खेळ बघणाऱ्या बाईला दिसला. आणि रिस्कचं म्हणाल तर १९५५ मध्ये याच जोडप्याने लहान मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमाची वर्षभराची जाहिरात घेतली, खर्च पाच लाख डॉलर, म्हणजे कंपनीची जेवढी किंमत होती जवळपास तेवढा. त्यात रूथ मागे नव्हती. बायका सांभाळून खेळतात म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

दुसरं स्पँक्सचं, म्हणजे कपड्यांखाली घालायच्या घट्ट अंतर्वस्त्रांच्या कंपनीचं. साराह ब्लेकली फॅक्स मशीन विकायचं काम करायची, तिला कपड्यांखाली घालायला हवं तसं काही मिळेना म्हणून तिने पँटीहोजचे, म्हणजे कंबरेपासून पावलापर्यंतच्या पातळ घट्ट मोज्यांचे, पाय कापून टाकले आणि त्यातून तिला कल्पना सुचली. ती उत्तर कॅरोलायनातल्या गिरण्यांमध्ये फिरली, सगळ्यांनी नकार दिला. गिरण्यांचे मालक पुरुष, यंत्रांची, धाग्याची माहिती त्यांना पुरेपूर, पण वस्तू अंगात घालून दिवसभर वावरणारं तिथे कोणी नव्हतं. काही दिवसांनी त्यातल्या एका मालकाचा फोन आला की करूया, आणि कारण काय तर त्याने घरी मुलींना ही कल्पना सांगितली आणि त्या म्हणाल्या की हे चालेल. २००० मध्ये माल बाजारात आला आणि तो जोरात चालला. इथे त्या मालकाचं कौतुक करायला हवं, त्याच्याकडे यंत्र होतं, अनुभव होता, आणि ऐकायची तयारी पण होती. त्याच्या यंत्राशिवाय ती कल्पना कागदावरच राहिली असती.

पण ही गोष्ट वाचताना मला दरवेळी एक गोष्ट अस्वस्थ करते. त्या मुलींचं मत गिरणीत कोणी विचारलं नव्हतं, ते घरी विचारलं गेलं. आणि हे आपल्याला किती ओळखीचं आहे! "घरी विचारून सांगतो" हे वाक्य मी धंद्यात असंख्य वेळा ऐकलंय, माल दाखवला की घरी नेतात, दुसऱ्या दिवशी येऊन एकदम नेमकं सांगतात की हा हँडल टोचतो, हा रंग चालणार नाही, ही किंमत जास्त वाटते, आणि मला तेव्हाच कळतं की हे मत कोणाचं आहे. म्हणजे बाईचा दृष्टिकोन धंद्यात आधीपासून वापरला जातोच आहे, फक्त मागच्या दाराने, बिननावाचा आणि बिनपगाराचा. मीटिंगमध्ये तो नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या तोंडून येतो, निर्णय बरोबर ठरला तर श्रेय त्यांचं. मला याचा खरंच राग येतो. जिचं मत इतकं उपयोगी पडतं तिला खुर्ची, पगार आणि नाही म्हणायचा अधिकार द्यायला काय हरकत आहे?

पैशांच्या बाबतीत एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची ३५,००० हून जास्त कुटुंबांची खाती, १९९१ ते १९९७ या काळातली, तपासली आणि २००१ मध्ये ते छापलं. पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त खरेदी-विक्री करत होते, आणि या खरेदी-विक्रीमुळेच पुरुषांचा वर्षाचा परतावा २.६५ टक्क्यांनी कमी झाला, बायकांचा १.७२ टक्क्यांनी. लोक हे सांगताना बायका जास्त हुशार गुंतवणूकदार असं सांगतात, पण नीट बघितलं तर नुकसान दोघांचंही झालंय, एकाचं जास्त, एकाचं कमी. मला त्यातला जास्त विचार करायला लावणारा भाग वेगळाच वाटतो. लग्न न झालेले पुरुष आणि लग्न न झालेल्या बायका यांच्यात हा फरक आणखी मोठा होता, एकटे पुरुष एकट्या बायकांपेक्षा ६७ टक्के जास्त उलाढाल करत होते, आणि लग्न झालेल्यांमध्ये फरक कमी, आणि लेखकांचं म्हणणं असं की नवरा-बायको एकमेकांच्या निर्णयांवर परिणाम करतात. म्हणजे समोर कोणीतरी बसलेलं असलं, "का विकतोयस, कशाला घेतोयस" विचारणारं, की हात थोडा आखडतो. आमच्याकडे कच्च्या मालाची मोठी खरेदी एकाच्या सहीने होत नाही ती यासाठीच, आणि मी जेव्हा घाईत असते तेव्हा मला पण त्याचा वैताग येतो, तरी तो नियम आम्ही मोडत नाही.

आता दोघं एका खोलीत बसवले की झालं का? नाही ना. २०१० मध्ये सायन्स या मासिकात अनिता वूली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, ६९९ माणसं, दोन ते पाच जणांचे गट, आणि त्यांना वेगवेगळी कामं दिलेली. गट किती चांगलं काम करतो याचा त्यातल्या सगळ्यात हुशार माणसाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो तीन गोष्टींशी, समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का, बोलायची पाळी सगळ्यांना सारखी मिळते का, आणि गटात बायका किती आहेत. यातली तिसरी गोष्ट लोक उचलतात आणि पोस्टर करतात, पण लेखकांनी स्वतःच लिहिलंय की ती बरीचशी पहिल्या गोष्टीतूनच येते, म्हणजे त्या गटातल्या बायका समोरच्याचं ओळखण्यात पुढे होत्या म्हणून. मला दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते, बोलायची पाळी, कारण ती आपल्या हातात आहे. किती मीटिंगांमध्ये असं होतं की दहा माणसं बसलेली, त्यातल्या दोन बायका, आणि मिनिट्स लिहायचं काम आपोआप त्यांच्यातल्या एकीकडे जातं, आता जी लिहितेय ती बोलणार कधी? किंवा ती एक मुद्दा मांडते, कोणी लक्ष देत नाही, आणि थोड्या वेळाने तोच मुद्दा दुसऱ्या कोणीतरी मांडला की सगळे माना डोलावतात. अशा खोलीत निम्म्या बायका बसवल्या तरी काही फरक पडणार नाही.

आणि बाई निर्णयाच्या जागी असली की आपोआप वेगळा दृष्टिकोन येतो हेही खरं नाही, हे सांगायला जरा जड जातं पण सांगायला हवं. न्यूयॉर्कमधल्या एका स्टार्टअप स्पर्धेतले प्रश्नोत्तरांचे व्हिडिओ तपासून डॅना कान्झे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. पुरुष संस्थापकांना विचारलेले बहुतेक प्रश्न वाढीचे होते, किती ग्राहक आणणार, बाजार किती मोठा होईल. बाई संस्थापकांना बहुतेक प्रश्न नुकसान टाळण्याचे, आहेत ते ग्राहक टिकवणार कसे, पैसे परत कधी यायला लागणार. आणि ज्यांना दुसऱ्या प्रकारचे प्रश्न आले त्यांना भांडवल खूप कमी मिळालं. यात महत्त्वाचं हे की असे प्रश्न विचारण्यात गुंतवणूकदार बायका पण पुरुषांसारख्याच होत्या. तेव्हा सवय ही खोलीतल्या सगळ्यांनाच लागलेली असते. मी हे वाचल्यापासून एक करते, कोणाचाही प्रस्ताव आला, पुरुषाचा असो, बाईचा असो, दोन्ही प्रकारचे प्रश्न आधी लिहून काढते आणि मगच बोलायला बसते. आणि पैसे मागायला जाणाऱ्या बायकांसाठी त्याच अभ्यासातली एक कामाची गोष्ट आहे, टिकवण्याचा प्रश्न आला तरी उत्तर वाढीचं दिलं की जास्त भांडवल मिळत होतं. "ग्राहक टिकवणार कसे" विचारलं तर टिकवायचं थोडक्यात सांगून लगेच बाजार किती वाढतोय आणि त्यातला आपला वाटा किती वाढेल त्याच्यावर यायचं.

कायद्याने होतं का याच्यावर खूप वाद आहेत. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा केला की पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळात दोघांपैकी प्रत्येकाचे निदान ४० टक्के हवेत, २००८ पर्यंत सगळ्यांना ते पाळावं लागलं. त्याच्यावर २०१२ मध्ये एक अभ्यास आला की कंपन्यांची किंमत घसरली, कारण घाईत कमी अनुभवाच्या संचालक घेतल्या गेल्या, आणि नंतर दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासून सांगितलं की असं काही ठामपणे म्हणता येत नाही. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक कंपन्यांना निदान एक बाई संचालक सक्तीची केली, तर बऱ्याच ठिकाणी मालकाच्या घरातलीच कोणीतरी नेमली गेली, मग सेबीने मोठ्या लिस्टेड कंपन्यांना बाई संचालक स्वतंत्र पण हवी असं सांगितलं, २०१९ पासून. मी अशा कायद्यांच्या बाजूने आहे, कारण दार उघडल्याशिवाय कोणी आत येत नाही, पण एक बाई अकरा पुरुषांमध्ये बसवून तिच्याकडून सगळ्या बायकांचा दृष्टिकोन मागणं हा तिच्यावर अन्याय आहे. ती फायनान्सची माणूस असेल तर तिला फायनान्सचंच विचारा की!

याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट म्हणजे स्टेफनी शर्लींची. ब्रिटनमध्ये १९६२ साली त्यांनी सॉफ्टवेअर कंपनी काढली, घरून काम करणाऱ्या बायकांची, मुलं झाल्यावर ज्यांना नोकरी सोडावी लागली होती अशा प्रोग्रामर बायका. स्वतःच्या नावाने पत्रं पाठवली तर उत्तर येईना, तेव्हा नवऱ्याने सुचवलं की 'स्टीव्ह' अशी सही कर, आणि कामं यायला लागली. पहिल्या ३०० माणसांत पुरुष फक्त ३ होते. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या बायकांनी घरी बसून केलं. घरून काम, लवचिक वेळ, हे सगळं जे आत्ता आत्ता मोठ्या कंपन्यांना सुचलं ते तिथे साठच्या दशकात चालू होतं, कारण कंपनीची मांडणीच अशा बाईने केली होती जिला त्याची गरज माहीत होती. आणि १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा आला तेव्हा त्याच कायद्यामुळे त्यांना पुरुषांसाठी पण दार उघडावं लागलं! पुढे कंपनी वाढत गेली आणि कर्मचाऱ्यांना तिचे शेअर मिळाले. मला ही गोष्ट यासाठी आवडते की इथे दृष्टिकोन वस्तूत कमी आणि काम कसं करायचं याच्यात जास्त उतरला. आपण नेहमी प्रॉडक्टबद्दलच बोलतो, पण कामाचे तास, सुट्टीची पद्धत, मीटिंगची वेळ हे कोणाच्या सोयीने ठरतं यावर पण कोण टिकतं आणि कोण सोडून जातं हे ठरतं. संध्याकाळी सातच्या मीटिंगने जसं आईला अडतं तसंच घरी मुलांना सांभाळणाऱ्या बापाला पण अडतं, फक्त तो ते बोलून दाखवत नाही. टीममध्ये एखादीने स्पष्ट सांगितलं की मला सातची वेळ जमणार नाही, की मग हळूच दोन पुरुष पण म्हणतात, खरंतर आम्हाला पण पाचचीच बरी.

आमच्याकडे आता जी पद्धत आहे ती फार काही मोठी नाही. नवीन बॅगेचं पहिलं रेखाटन झालं की कटिंगला जायच्या आधी आम्ही दोघं आणि शिलाईवरचा एक कारागीर, एक कारागीर बाई, असे चौघं आपापलं मत वेगळ्या कागदावर लिहितो, एकमेकांशी न बोलता. आधी बोललं की जो मोठ्याने बोलतो त्याच्याच मागे सगळे जातात, त्यात मी पण आले. मग सॅम्पल चौघं जण भरून, वजन टाकून, वापरून बघतात. यात वेळ जातो, खर्च होतो, आणि घाईच्या सीझनला मामेभाऊ कुरकुरतो की ताई, समोरच्याचा माल दुकानात लागला पण. बरोबर आहे त्याचं. पण साचा आणि कापड एकदा ठरल्यावर बदलायचं म्हटलं तर होणारा खर्च याच्या कितीतरी पट असतो, हे त्यालाही माहिती आहे, म्हणून कुरकुरतो पण कागद लिहून देतोच.

जे नवरा-बायको, भाऊ-बहीण, बाप-लेक मिळून धंदा करतात त्यांना मी एकच विचारते की भागीदारी करारात तिचं नाव आहे का, आणि असेल तर नफ्यातला टक्का किती लिहिलाय. कितीतरी ठिकाणी ती हिशेब बघते, कारागिरांशी बोलते, माल तपासते आणि कागदावर कुठेच नसते, मग वाद झाला किंवा काही बरं-वाईट झालं की तिच्या हातात काहीच राहत नाही. आणि नाव घालताना बँकेच्या खात्यावर सहीचा अधिकार पण घाला, कारण सप्लायर असो की बँकेचा मॅनेजर, सही कोणाची चालते ते बघूनच पुढचा फोन कोणाला करायचा ते ठरवतो.